तुलारामकाकांची रेती

तुलारामकाका माझ्या टेबलाशी आले की आधी खोकतात. पाहुणे असले तर दोनदा. त्या दिवशी मात्र न खोकता आले आणि बुकिंगच्या रजिस्टरवर एक बारीकशी शंखुली ठेवून उभे राहिले. मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी असेल.

"हे काय आणलं, काका?"

"फिल्टरात भेटली. वैनगंगेची हाय."

मला हसू आलं. साकोलीहून नागझिऱ्याकडे जाताना आमचं रिसॉर्ट लागतं. इथे पोहायचा तलाव आहे, गरम पाण्याचा टब आहे, पण नदी काही नाही. "पोहत आली का इथवर?" असं मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. इथे नोकरीला लागल्यापासून मी त्यांना रोज रागावताना पाहिलंय, रडताना कधीच नाही.

राग त्यांच्या नाकावरच असतो. लोक डोक्याला तेल थापून पाण्यात उतरतात, तो एक राग. लग्नाची पार्टी आली की अंगाला हळद फासलेला नवरदेव मित्रांसकट टबात उडी मारतो आणि टबाचा कागदी घड्यांचा फिल्टर पिवळाधमक होतो, तो दुसरा. मग काका तो फिल्टर मांडीवर घेऊन बसतात आणि पाइपाच्या बारीक धारेनं एकेक घडी उघडून धुतात. धुताना नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असतो. "लग्न तुहं, अन् आंघोळ माह्या फिल्टरची!"

तलावाचा फिल्टर वेगळा. माणसाएवढी टाकी, आत रेती. तलावाचं पाणी वरून येतं, रेतीतून गाळून खाली जातं, घाण रेतीत अडकते. टाकी कोंडली की दांडा फिरवून पाणी उलटं सोडायचं आणि ती घाण बाहेर काढायची. प्रेशरचा काटा पाहून हे करतात. आमचे काका काट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. टाकीवर तळवा ठेवतात आणि म्हणतात, "भरली." मग काटा बघावा तर खरंच भरलेली.

रेतीची ही विद्या त्यांनी पवनीकडच्या घाटावर कमावली. चौदाव्या वर्षापासून तिथे ते ट्रक भरत. ओली रेती मुठीत दाबून कानाशी न्यायची, बोटं चोळायची आणि आवाजावरून सांगायचं की ही कुठल्या घाटाची, हिच्यात माती किती. "वैनगंगेच्या रेतीसारखी रेती दुनियेत नाही," हे त्यांचं रोजचं भजन. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

त्या रेतीनंच घात केला.

करोनात दोन वर्षं रिसॉर्ट बंद होतं. उघडलं तेव्हा फिल्टरातली जुनी रेती जमून दगड झाली होती. नव्या रेतीच्या गोण्या नागपूरहून यायच्या, त्या येईनात. अक्षय्य तृतीयेचं लग्न चार दिवसांवर आलेलं. रिसॉर्टचे मालक, आमचे सेठ, फोनवर ओरडत होते. काकांना वाटलं, घरात गंगा असताना नागपूरची वाट काय पाहायची! मेव्हण्याच्या घराच्या बांधकामातून वैनगंगेची रेती उरली होती. ती त्यांनी आणली, चाळली, सात पाण्यांनी धुतली आणि कोणाला न सांगता टाकीत भरली. कामातले जोडीदार डोमाभाऊ तेव्हा पुतण्याच्या लग्नाला गेले होते. सेठला वाटलं, गोण्या आल्या. मलाही तसंच वाटलं.

फिल्टरला एका मापाचा दाणा लागतो, हे मला आता कळतं. नदीच्या रेतीत दाणे लहानमोठे. भिंतीला ती सोन्यासारखी, फिल्टरला वैरी. बारीक भुकटी खालच्या जाळीतून निसटून तलावात जात राहिली आणि पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं.

डोमाभाऊंकडे औषधाचं काम होतं. पाणी तपासायचं, पावडर टाकायची, तळ घासायचा. दोघं रोज पंपाच्या खोलीत भेटत तेव्हा काका "जयभीम" म्हणत आणि डोमाभाऊ "रामराम". एकमेकांचा नमस्कार अदलाबदल करून घेतलेली ती जोडी होती. डब्यातलं कालवणही तसंच अदलाबदल व्हायचं.

पुतण्याच्या लग्नाहून परतलेल्या डोमाभाऊंनी पाणी पाहिलं आणि पावडर वाढवली. आणखी वाढवली. दोन ड्रम संपले, पाणी तसंच. वऱ्हाड्यांनी नाकं मुरडली. सेठनी हिशेब सरळ मांडला: पावडर संपली आणि पाणी गढूळ, म्हणजे पावडर पाण्यात गेलीच नाही. डोमा घरी नेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

कामावरून काढल्याचं पत्र मी टाइप केलं. सेठ म्हणाले, "लिखो, माल की चोरी." मी लिहिलं. एवढा साधा माणूस चोरी कशाला करेल, असं मनात येऊन गेलं. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तिसऱ्या दिवशी खऱ्या गोण्या आल्या, आम्हा कोणाला न कळता. काकांनी एकट्यानं टाकी उपसून नवी रेती भरली. दोन दिवसांत तलाव आरशासारखा झाला. सेठ काठावर उभे राहून म्हणाले, "देखा? डोमा गया, पानी साफ."

तीन वर्षं काकांनी हे पोटात ठेवलं. त्या दिवशी टाकीची रेती पुन्हा बदलताना तळाच्या गिट्टीत ती शंखुली सापडली. सगळं सांगून ते म्हणाले, "नोकरीचा भेव होताच, बाई. पण लाज मोठी होती. रेतीवाला तुलाराम रेतीतच चुकला, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मला भयंकर राग आला. थोडा त्यांचा, जास्त माझा. पत्र मी लिहिलं होतं, म्हणून स्कूटीही मीच काढली. निघण्याआधी काका सेठच्या समोर उभे राहून सगळं बोलले. सेठ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "पुरानी बात है. आना है तो आने दो उसको."

डोमाभाऊंचं घर हायवेच्या पलीकडच्या गावात. ते अंगणात जाळं विणत बसले होते. काकांनी "जयभीम" घातला. डोमाभाऊंनी "रामराम" म्हटलं नाही. "ये, बस," एवढंच म्हणाले. मला खुर्ची आणून दिली.

काका उभ्यानंच बोलले. मेव्हण्याची रेती, सात पाणी, गोण्या, सगळं. डोमाभाऊंचे हात जाळ्यावर चालूच होते.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी परत येते ना तलावात, त्या भोकापाशी तळ घासून राहिलो होतो. पायाखाली रेती लागली. वैनगंगेची रेती मले नाही समजत का गा? तूच तं शिकवली."

काका जाळ्याशेजारी खाली बसले.

"मंग काहून नाही बोलला तू?"

"मले कायले इचारतं? आता माह्या पोरीले सांग." आणि त्यांनी आत हाक मारली.

तृप्ती बाहेर आली. तेव्हा दहावीत होती, आता भंडाऱ्याला कॉलेजात जाते. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मान खाली घालून. मीही सांगितलं, की पत्र माझ्या हातचं. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहत राहिली.

"बाबा, तुम्ही तं तेव्हाच म्हणले होते, मी नाही नेली म्हणून. शाळेत सगळे चोराची पोरगी म्हणत, मी रडत आली अन् तुमच्याशी चार महिने बोलली नाही." तिला हुंदका फुटला आणि ती आत निघून गेली. डोमाभाऊ तिच्यामागे उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. आम्ही एक ओझं उतरवायला गेलो होतो, ते त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून आलो.

सेठचा निरोप मी दिला. डोमाभाऊंनी मान हलवली. "नाही जमत आता." चहा आला, तो आम्ही प्यालो.

निघताना ते फाटकापर्यंत सोडायला आले.

"तुलाराम, याद हाय का? काढलं त्या दिवशी मी तळ घासाचा ब्रश वापस द्याले आलो होतो तुह्याजवळ पंपाच्या खोलीत. इचारलो होतो तुले, काही सांगाचं हाय का म्हून."

"हो," काका पुटपुटले. "मी नाही म्हणलो."

"एक शब्द बोलला असता ना गा, तं मीच सेठले सांगतलो असतो का रेती दोघानं मिळून टाकली."

काका फाटकाशी काढलेली चप्पल घालायला वाकले. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले.