सव्वादोन किलो

बॅगांच्या त्या दुकानात बावीस वर्षं काढल्यावर तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. मालकांनीच कधीतरी गमतीत तिला 'काटाबाई' म्हटलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. शेजारचा घड्याळवाला काटाबाई म्हणे, खालच्या मजल्यावरची झेरॉक्सवाली काटाबाई म्हणे. घरी नवरासुद्धा, स्वारी खुशीत असली की, "काटाबाई, चहा होईल का?" असं विचारी.

कारण तसंच होतं. कुठलीही बॅग ती दोन बोटांनी उचलायची, जरा डोळे बारीक करायची आणि वजन सांगायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मालक तर मुद्दाम हाक मारायचे, "बाई, जरा यांना सांगा हो, ही किती भरेल?" ती सांगायची. मग मालक काट्यावर ठेवून दाखवायचे आणि शंभर ग्रॅमचासुद्धा फरक निघायचा नाही. पुढे पुढे काट्याची गरजच वाटेना. त्याचा सेल कधी संपला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि नुसतं वजनच नाही. बॅग कशी पारखावी ते तिच्याकडून शिकावं. दांडा पूर्ण वर ओढून ती हलवून बघायची, खडखड झाली तर बाजूला. चाकं गुळगुळीत फरशीवर कधी फिरवायची नाही, दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावरून न्यायची. चेन सरळ रेषेत नाही, कोपऱ्यावर ओढून बघायची. चेन मरते ती कोपऱ्यावर. विमानात काय चालतं, काय चालत नाही, केबिनमध्ये किती इंच बसतात, सगळं तोंडपाठ. ती स्वतः मात्र विमानात कधी बसली नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे.

एका मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले. पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि तो बघून बोलायला लागल्या.

"महिन्यातून तीन-चारदा विमानाने जावं लागतं. बॅग हातातच हवी, खाली सामानात टाकायची नाही. माझं सामान साडेचार किलो आहे. सात किलोपर्यंत नेऊ देतात. म्हणजे रिकामी बॅग अडीचच्या आत हवी. आणि मजबूत हवी."

"काय असतं सामान?" काटाबाईंनी विचारलं.

"डोळे," त्या बाई म्हणाल्या. मग जरा हसल्या. "कृत्रिम डोळे बनवते मी. साचे, रंग, छोटं पॉलिश मशीन. आणि तयार झालेले डोळे."

काटाबाईंनी दोन बॅगा काढल्या. एक कापडी, दोन चाकांची, राखाडी, दिसायला अगदीच पोस्टमनची झोळी. दुसरी कडक कवचाची, चार चाकांची, गडद निळी, चकाकणारी. डोळेवाल्या बाईंचा हात आधी कापडी बॅगेकडे गेला.

"ती हलकी आहे," काटाबाई म्हणाल्या, "पण तुमचं सामान नाजूक. डोळ्यांना कवच हवं. ही घ्या. वर उभं राहिलात तरी दबणार नाही."

"हिचं वजन?"

काटाबाईंनी बॅग दोन बोटांनी उचलल्यासारखी केली. तेवढ्यात मालकांनी काहीतरी विचारलं, तिकडे वळून उत्तर देता देताच त्या म्हणाल्या, "सव्वादोन."

"नक्की? काटा आहे का तुमच्याकडे? एकदा ठेवून बघू या."

हे काटाबाईंना लागलं. बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं असं नाही, पण मालकांसमोर नाही.

"अहो ताई, मान कापून देईन. सव्वादोनच्या वर एक गुंज भरली तर माझं नाव बदला."

"आमच्या बाई म्हणजेच काटा आहेत," गल्ल्यावरून मालक म्हणाले. डोळेवाल्या बाई हसल्या, कागदाची घडी केली आणि निळी बॅग घेऊन गेल्या.

पाच आठवड्यांनी शनिवारी त्या पुन्हा आल्या. दुकान भरलेलं होतं. परदेशी निघालेल्या एका मुलासाठी त्याचे आईवडील, आत्या, मामा, सगळी वरात बॅगा उघडून बसली होती. डोळेवाल्या बाईंनी निळी बॅग काउंटरवर ठेवली. तिचं एक चाक नव्हतं.

"ही बॅग तीन किलो दोनशे भरते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पहिल्या दोन वेळा कुणी वजन केलं नाही, तिसऱ्यांदा केलं. बॅग माझ्या हातातून काढून खाली टाकली आणि ती गेली भलत्याच गावी. दोन दिवसांनी मिळाली. मी पोचले तिथं माझी वाट बघत एक गृहस्थ बसले होते, जुने ट्रकड्रायव्हर, आठ तासांचा प्रवास करून आलेले. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठीच डोळा हवा होता. ते तसेच परत गेले. तुम्ही मला सव्वादोन सांगितलं होतं."

वरातीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. मामांनी हातातली बॅग खाली ठेवली. मालकांनी काटाबाईंकडे बघितलं.

पुढे कितीतरी दिवस काटाबाई तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायच्या. 'चुकलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी असं म्हटलंच नव्हतं, ताई. मी म्हटलं, तीनच्या आसपास. तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

डोळेवाल्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत निरखून बघायचं हेच जिचं काम, तिने बघावं तसं. काटाबाईंनी नजर बॅगेच्या तुटक्या चाकावर खिळवली.

"बरं," त्या बाई म्हणाल्या. बॅग उचलली, काखेत धरली आणि निघून गेल्या. बदलून मागितली नाही, भांडल्या नाहीत.

वरात पुन्हा बोलायला लागली. गिऱ्हाईक गेल्यावर मालक जवळ येऊन हळूच म्हणाले, "छान निभावलंत. अशी माणसं डोक्यावर बसतात." ती शाबासकी काटाबाईंना थोबाडीत मारल्यासारखी लागली. कानशिलं तापली. मागच्या खोलीत जाऊन त्या उगाचच रिकामी खोकी एकात एक घालत बसल्या.

सोमवारी त्या अर्धा तास आधी आल्या. काट्यात नवा सेल घातला आणि मांडणीवरची एकेक बॅग उतरवली. आधी हाताने उचलायची, मनात आकडा धरायचा, मग काट्यावर ठेवायची. एकतीस बॅगांपैकी अकरा चुकल्या, आणि थोड्याथोडक्याने नाही. सगळ्या चार चाकांच्या, नव्या घडणीच्या. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं आपण वजन हाताने सांगतच नव्हतो. जुन्या मालाचे आकडे डोक्यात होते, तेच ठोकून देत होतो. बॅगा बदलल्या, आकडे तेच राहिले. किती जणांना सांगितले असतील? त्यातल्या किती जणांनी विमानतळावर घाईघाईने बॅग उघडून स्वेटर अंगावर चढवले असतील? परत येऊन तोंडावर सांगणारी ही एकच.

घरी नवऱ्याला त्यांनी अर्धंच सांगितलं. वजन चुकलं, गिऱ्हाइकाची गैरसोय झाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला माणूस, चुकांना सरावलेला.

"मग माफी मागितलीस ना? झालं तर."

त्या भाजी चिरत राहिल्या. तोच पुन्हा म्हणाला, "अगं, नाही मागितलीस?"

"मी म्हटलं, मी असं बोललेच नाही."

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मालकांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग जा आणि सांग तिला," तो म्हणाला. "मी येऊ बरोबर?"

"नको. मला नाही चालणार कुणी बघितलेलं."

गॅरंटीच्या कार्डावर पत्ता होता. सुट्टीच्या दिवशी काटाबाई तिथे गेल्या. बरोबर ती राखाडी कापडी बॅग नेली होती, काट्यावर ठेवून, आकडा चिठ्ठीवर लिहून आत टाकलेला. एका दवाखान्याच्या मागची छोटी खोली होती. खिडकीजवळ एक तरुणी बसलेली आणि डोळेवाल्या बाई तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघत, चार केसांच्या ब्रशने, हातातल्या डोळ्यात तपकिरी रंगाची बारीक रेघ ओढत होत्या. एक रेघ, मग बघणं. पुन्हा एक रेघ. शेजारच्या उघड्या खणात डोळे होते, निळसर, घारे, काळेभोर, कापसात मांडलेले. काटाबाईंना तिकडे बघवेना.

पाऊण तास त्या बाकावर बसून होत्या. तरुणी गेल्यावर डोळेवाल्या बाई हात धुवून समोर येऊन बसल्या.

"मी सव्वादोनच म्हटलं होतं," काटाबाई म्हणाल्या. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "न उचलताच म्हटलं होतं. आणि त्या दिवशी खोटं बोलले."

"माहीत आहे मला."

"ही घेऊन आलेय. ही हलकी आहे. दोन किलोच्या आत. मी वजन करून…"

"बॅगेचं मला एवढं वाटलं नव्हतं," त्या बाई मध्येच म्हणाल्या. "माझ्याही हातून डोळे चुकतात. रंग गडद होतो, पुन्हा करते. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला खोटं पाडलंत. घरी जाऊन मी माझा तो कागद शोधला. त्यावर त्याच दिवशी मी 'सव्वादोन' लिहून ठेवलं होतं, तरी मला वाटायला लागलं, की आपणच चुकीचं ऐकून लिहिलं की काय. दोन दिवस माझा माझ्या कानांवर विश्वास नव्हता."

काटाबाईंना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आपली लाज, आपलं नाव, आपली बावीस वर्षं, एवढाच विचार त्या करत होत्या.

"त्या ड्रायव्हरकाकांचा नंबर द्याल?" त्यांनी चाचरत विचारलं. "त्यांनाही सांगते."

"कशाला? ते लग्नात काळा चष्मा घालून उभे राहिले. सगळ्या फोटोंत तसेच आहेत. तुमचं मन मोकळं व्हावं म्हणून आता त्यांनी तुमचं ऐकून घ्यायचं?"

काटाबाईंनी मान खाली घातली.

"मालकांना सांगितलंत?" त्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आधी तिथे सांगा. बॅग ठेवा, मला लागणारच आहे. निळी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी काटाबाईंनी मालकांना सांगितलं. मालक आधी हसले. "अहो बाई, एवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसलात!" मग अकरा बॅगांची यादी समोर ठेवल्यावर त्यांचं हसू मावळलं. आपण गल्ल्यावरून साक्ष दिली होती, हे त्यांनाही आठवलं असावं. ते चिडले, दोन दिवस तुटक बोलले, आणि मग स्वतःच प्रत्येक बॅगेला वजनाची चिठ्ठी लावायला सांगितलं. काटाबाई हे नाव मात्र कुणी सोडलं नाही. घड्याळवाल्याने हाक मारली की त्या मान वर न करता हातातली बॅग पुसत राहायच्या. माझं नाव बदला, असं कुणाला सांगणार?

पावसाळा सरल्यावर डोळेवाल्या बाई पुन्हा आल्या. राखाडी बॅगेची चेन कोपऱ्यावर अडकत होती. काटाबाईंनी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. काटाबाईंनी मेण लावून, चिमट्याने दोन दात सरळ करून चेन चालती केली, तीन वेळा ओढून दाखवली.

जाता जाता त्या बाई दारात थांबल्या. "ड्रायव्हरकाकांचा डोळा बसला हो. छान बसला. आता त्यांची तक्रार आहे, की नवा डोळा जास्त देखणा आहे आणि जुना त्याच्या शेजारी म्हातारा दिसतो. म्हणतात, दुसराही तसाच करून द्या."

काटाबाईंना हसू फुटलं. मग त्या एकदम थांबल्या. आपण हसावं की नाही, हे त्यांना कळेना. डोळेवाल्या बाईंनी ते बघितलं आणि त्या बॅग ओढत जिन्याकडे गेल्या.