चाळीस अंगठे आणि एक सही

बालाघाटला कलेक्टर कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. वडील याच कचेरीत बाबू होते, आजोबा तहसिलीत. मला नोकरी लागली नाही, म्हणून मी कचेरीच्या बाहेर बसून कचेरीचीच कामं करतो. अर्ज, शपथपत्रं, तक्रारी, सगळं हिंदीत. लोक तणतणत येतात आणि मी त्यांचा राग ‘महोदय, सविनय निवेदन है’मध्ये बसवून देतो. तीस वर्षं हेच केल्यामुळे कुणाच्या रागाचं मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लीलाबाई मेश्राम परसवाड्याकडच्या कोसमटोला गावात आंगनवाडी चालवायच्या. गाव गोंडांचं, बौद्धांची घरं चार, त्यांतलं एक यांचं. आंगनवाडीची सव्वीस वर्षांची नोकरी. गावातल्या पंचविशीच्या आतल्या प्रत्येक माणसाचं पहिलं वजन त्यांनीच केलेलं, आणि ते त्यांना पाठ. मिशा फुटलेल्या पोराला चारचौघांत सांगायच्या, ‘तू पावणेदोन किलोचा होता रे, तुले कापसात ठेवलं होतं.’ पोरगं लाजून पळायचं. आंगनवाडीचे अहवाल टाइप करायला त्या माझ्याकडे येत. आल्या की मराठीत बोलायच्या आणि चहाचे पैसे मला देऊ द्यायच्या नाहीत.

मागच्या वर्षी त्या आल्या तेव्हा सोबत गावचे म्हातारे टिकाराम उइके होते. प्रकरण मला वरवर माहीत होतं. कोसमटोल्याच्या वरच्या जंगलात एका कंपनीला मॅंगनीजची खाण काढायची होती. त्याच जंगलातून गावचा नाला निघतो, पुढे वैनगंगेला मिळतो. गावचं पिण्याचं पाणी त्या नाल्याचं. मोह, तेंदू, चारोळी त्या जंगलातली, आणि देवही तिथेच. थंडीत ड्रिलची गाडी आली तेव्हा बायांनी नाल्याच्या उतारावर बसून ती परत पाठवली. एकदा नाही, तीनदा. मग कळलं की गाडी उगाच आलेली नव्हती. जंगलात खाण काढायची तर ग्रामसभेची संमती लागते, आणि कोसमटोल्याच्या ग्रामसभेने ती दिली आहे, असा कागद फायलीत लागला होता.

माहितीच्या अधिकारात त्या कागदाची नक्कल मिळाली. टिकाराम ती थेट कचेरीतून हातात घेऊन आले. वाचता येत नाही, म्हणून आंगनवाडीवाल्या बाईला सोबत आणलेलं.

‘फर्जी अंगूठे हैं साहब,’ ते म्हणाले. ‘कोई ग्रामसभा हुई ही नहीं. तुम कड़क लिखो.’

मी नक्कल घेतली. वर ठराव, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात. खाली नावं: चाळीस अंगठे आणि एक सही, सगळ्या बायकांच्या. पुरुष एकही नाही. मला हसू आलं. अशी ग्रामसभा मी जन्मात ऐकली नव्हती, आणि ती पास करताना एकाही साहेबाला हे दिसलं नव्हतं. नावांचं अक्षर मात्र वरच्याहून वेगळं होतं, गोल, मोत्यासारखं. मी म्हणालोही, ‘खोटं करणाऱ्यानं नावं मात्र मन लावून लिहिलीत हो.’

लीलाबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि परत दिला. चहा आला तो त्यांनी प्यायला नाही. त्या दिवशी चहाचे पैसे मीच दिले आणि तेवढ्यावरून मला काही कळायला हवं होतं. कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या एकट्याच आल्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तो अर्ज देल्ला का?’

‘दुपारी देणार आहे टिकाराम.’

‘नोको देऊ. थे अक्षर माझं हाय.’

मग सगळं सांगितलं. मंगळवारी आंगनवाडीत पोषण आहाराची पाकिटं वाटायची, त्याचा अंगठा घ्यायचा. पण मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत बाया पहाटेच जंगलात जातात. चार मंगळवार चारदा बोलावलं तर एकही यायची नाही. म्हणून लीलाबाई एकाच दिवशी चार पानांवर अंगठे घेऊन ठेवायच्या. डावीकडे नावं, उजवीकडे अंगठा, वरची जागा कोरी. कारण सुपरवायझरचं सांगणं कधी बदलेल याचा नेम नाही. आज पोषण सप्ताह, उद्या स्वच्छता, परवा मतदार जागृती. जे सांगतील ते वर लिहायचं. पाकिटं प्रत्येकीला वेळेवर पोहोचायची, त्यात त्यांनी कधी हात मारला नाही. बायाही विचारायच्या नाहीत. बाईंनी पान पुढे केलं की अंगठा.

‘मंग पंचायतीचा सचिव आला, हिरालाल. म्हणे, बाई, स्वच्छतेच्या कार्यक्रमाचा अहवाल पाठवाचा हाय, दोन पानं द्या तुमच्याकडचे. म्या देल्ले. इचारलं बी नाही काहून पायजे.’

मला त्यांचा राग आला. मला, ज्याला कुणाच्या भानगडीचं काही वाटत नाही. सव्वीस वर्षांची शहाणी बाई कोरं पान देतेच कशी? पण मी स्वतः किती शपथपत्रांवर आधी सह्या घेऊन मग मजकूर टाकलाय, ते मला ठाऊक आहे. म्हणून तोंड बंद ठेवलं.

थोड्या वेळाने मी त्यांना शहाणपण शिकवलं. ‘लीलाबाई, गप्प बसा. गाव म्हणतंय अंगठे खोटे, म्हणू द्या. चौकशी होईल. तुमचं नाव यायचं कारण नाही. दीड वर्षात निवृत्त व्हाल.’

‘चौकशीत अंगठे तपासतीन ना?’

‘तपासतील.’

‘थे खरे निघतीन.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अंगठे खरे निघाले की तक्रार खोटी. बाया खोटारड्या. संमती पक्की, आणि ड्रिलची गाडी पोलीस घेऊन येणार. अंगठे खरे आहेत आणि तरी संमती खोटी आहे, हे सांगू शकणारी माणसं दोनच होती. त्यातला हिरालाल सांगणार नव्हता.

‘माझा बाप खाणीतच होता,’ त्या उठताना म्हणाल्या. ‘खाणीच्याच पैशावर शिकली मी. खाणीशी माझं भांडण नाही, भाऊ. पण या बायायले कोणी इचारलंच नाही. अन् न इचारता त्यायचा अंगठा देणारी मीच.’

मी जुना अर्ज फाडला आणि नवा केला. त्यात ‘फर्जी’ हा शब्द नव्हता.

गावात त्यांनी आधी बायांना सांगितलं, हातपंपाजवळ, दिवसाउजेडी. मी नव्हतो, टिकारामांनी नंतर सांगितलं ते लिहितो. मैनाबाई म्हणून एक आहेत, ड्रिलच्या गाडीपुढे सगळ्यांत आधी बसलेल्या. त्यांची तिन्ही बाळंतपणं लीलाबाईंनी धावपळ करून दवाखान्यात नेलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘हमने तो तुमको देख के अंगूठा लगाया, कागज कौन देखता है?’ आणि घागर उचलून निघून गेल्या. त्या दिवसापासून आंगनवाडीत पोरं यायची, आया दारातूनच वळायच्या.

लीलाबाईंना याचं फार लागलं. माझ्यासमोर त्या एकदाच रडल्या, ते या गोष्टीवरून. नोकरी जाईल त्यावरून नाही.

चौकशी लागली पंचायत भवनात. अर्ज माझा म्हणून मी गेलो, खरं सांगायचं तर बघायला गेलो. चौकशीला आलेले साहेब तरुण होते, समजूतदार. हिरालाल खुर्चीवर, गाव जमिनीवर. लीलाबाई उभ्या राहिल्या आणि पाकिटांपासून हिरालालला दिलेल्या पानांपर्यंत सगळं सांगितलं, शाळेत पाठ म्हणावा तसं, न अडखळता. हिरालाल म्हणाला, या बाईला कंपनीविरोधी लोकांनी फूस लावली आहे, ग्रामसभा झाली होती.

साहेबांनी लीलाबाईंना विचारलं, ‘आप समझ रही हैं, आपकी नौकरी पर बात आएगी?’

‘हौ साहेब.’

‘तो फिर मैं एक-एक से पूछूँगा.’

माझी अशी कल्पना होती की बाया आता बाईंना सांभाळून घेतील. काहीतरी गोलमोल बोलतील, सगळा दोष हिरालालवर ढकलतील. एवढ्या वर्षांचा ऋणानुबंध आहे. पण गोलमोल बोलून संमती रद्द होणार नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट कळलेलं होतं.

मैनाबाईंचं नाव पहिलं. ‘अंगूठा मेरा है. पढ़ के नहीं सुनाया. इसी बाई ने लिया.’ आणि बोट दाखवलं. दुसरीनेही तेच. तिसरीनेही. साहेबांचा बाबू लिहीत होता आणि लीलाबाई उभ्याच होत्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. चाळीस वेळा ‘इसी बाई ने’ ऐकलं त्यांनी. मी मध्येच बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, मला ते ऐकवेना.

एकेचाळिसावी सही होती. गीता मेश्राम. लीलाबाईंची सून, कडेवर वर्षाची मुलगी. पाकिटांच्या यादीत तीही होती. साहेबांनी आडनाव वाचून मान वर केली.

‘आप इनकी…?’

‘बहू.’

‘दस्तखत आपका है?’

‘हाँ. पढ़ के नहीं सुनाया.’ तिने मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. ‘सासूबाई ने लिया था. पन्ना कोरा था.’

बाबूने तेही लिहिलं. हिरालालने मान खाली घातली, कारण घरच्याच सुनेने सांगितल्यावर फूस लावल्याची गोष्ट टिकण्यासारखी नव्हती.

संमती रद्द झाली. कंपनी पुन्हा अर्ज करणार आहे असं ऐकतो, म्हणजे पुन्हा ग्रामसभा, पुन्हा हे सगळं. तूर्त ड्रिलची गाडी परसवाड्याच्या रस्त्याला दिसलेली नाही. हिरालालची बदली झाली, तीही जरा बऱ्या पंचायतीत. लीलाबाईंना सेवेतून काढल्याचा आदेश त्याच महिन्यात आला. त्याविरुद्ध अपील टाइप करतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. आदेशात लिहिलंय ते खरंच आहे, म्हणाल्या.

आदेशाची नक्कल काढायला त्या दुकानात आल्या तेव्हा मी विचारलंच. मला ते सुनेचं डाचत होतं. चाळीस जणी बोलल्या होत्या. एक घरची गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? म्हणालो, ‘गीताचा राग नाही आला तुम्हाला?’

‘काहून येईन? सकाळी निघताना तिनं मले इचारलं, आई, मी काय सांगू? लय रडत होती. म्या म्हटलं, सही करताना म्या तुले वाचून दाखवलं होतं का? थे म्हणे, नाही. म्या म्हटलं, मंग तेच सांग. अन् माझ्याकडे पाहू नोको सांगताना.’