खाली माणूस असताना

१९९८ साली मी खाणीची कॉलनी सोडली, तेव्हा बाबा मला निरोप द्यायला आले नाहीत. एसटीचा थांबा इंजिनघरासमोरच होता. आई रस्ता ओलांडून खिडकीपाशी गेली आणि आत म्हणाली, निघाला तो. मला बाबांची पाठ दिसत होती. ते उठले नाहीत, वळलेही नाहीत. आई परत आली, माझ्या हातात डबा दिला आणि एवढंच बोलली, "त्यांची पाळी चालू आहे ना, बाबू."

कॉलनीतून उठून पुण्या-मुंबईला, कोणी दुबईला गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. तुमच्या मुलांना नसेल, म्हणून लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यातली आमची ती कोळशाची खाण. बाबा तिथे डोली चालवत. डोली म्हणजे खोल विहिरीसारख्या खड्ड्यातून माणसांना खाली नेणारा आणि वर आणणारा लोखंडी पिंजरा. तिचा दोर इंजिनघरातल्या मोठ्या ढोलावर गुंडाळलेला असे आणि त्या ढोलाचा दांडा बाबांच्या हातात. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: खाली माणूस असताना खुर्ची सोडू नये. 'येथे थुंकू नये' हे जसं आपल्याला पाठ असतं, तसा तो नियम मला पाठ होता. पण मान वळवायला कुठे मनाई होती? हा प्रश्न मी पुण्याजवळ घोटावड्याला येताना सोबत आणला आणि कोणाला विचारला नाही.

घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरला लागलो. माल किती आला, किती गेला, शिल्लक जुळते की नाही, हे माझं काम, स्वभावही तसाच. राहायला तात्यांच्या दोन खोल्या मिळाल्या. तात्या म्हणजे तिथले जुने शेतकरी. रस्त्याकडेची भातखाचरं विकून त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावाला शेती न्हाई, मग जमिनीत असतंय तरी काय?" मी कोळसा म्हणालो, तर म्हणाले, "म्हंजे तुमी बी जमीनच इकून खाल्ली की."

चार वर्षांनी खाण बंद झाली. क्वार्टर रिकामी झाली, शाळा मिटली, आणि बाबा-आई माझ्याकडे आले. आई पुढे वर्षभरच राहिली. ती वारल्यावर बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये चढलो की बसायचे, ते मी परत येईपर्यंत. तात्या मला म्हणाले, "तुमचं वडील जागचं हालत न्हाईत वो. च्या दिला तरी तितंच. राखण करत्यात का काय?" मला लाज वाटली. म्हातारा माणूस एकटा पडलाय, करमत नाही, असा मी अर्थ लावला आणि टीव्ही आणून दिला. त्यांनी खुर्ची हलवली नाही.

मग २००८ मध्ये कॉलनीतून निरोप आला. बंद खाण पर्यटकांसाठी उघडत होते. पाणी उपसून वरची एक पातळी कोरडी केली होती, डोली दुरुस्त झाली होती, पण ते जुनं इंजिन चालवणारा माणूस मिळत नव्हता. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. 'थोडे दिवस' म्हणाले होते. वर्ष झालं. त्यांचं वय सदुसष्ट, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. मी तात्यांच्या मागच्या अंगणात त्यांच्यासाठी बिनपायरीची खोली बांधून घेतली आणि त्यांना आणायला निघालो.

फाटकावर तिकीट काढलं. माझ्याच गावात शिरायला तिकीट, याचं हसू आलं, पण खरं सांगतो, उत्सुकताच जास्त होती. काय ठेवलं असेल, काय टाकलं असेल? बाजाराचे ओटे ठेवले होते. सिनेमाची पांढरी भिंत होती. पोस्टाची खिडकी होती, तिच्यात एका मुलीने हात घालून फोटो काढला. क्वार्टरांना पिवळा रंग दिला होता. आमच्या वेळी त्या कोळशाच्या धुळीने कुठल्याच रंगाच्या नव्हत्या. आमच्या ओळीतल्या एका घरात शेगडी, पितळी डबे आणि भिंतीवर हेल्मेट मांडलं होतं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी गाइडला विचारलं, "इथे फॅमिली घेऊन राहायचे लोक?" गाइड हो म्हणाला. मीही मान हलवली, मला कोणी विचारलं नसताना. बाहेरच्या फलकावर वारसा म्हणून काय काय जपलंय ते लिहिलं होतं: मनोरा, चाक, इंजिन, डोली. मी सगळं ताडून पाहिलं. बरोबर होतं, तरी काहीतरी जुळत नव्हतं.

इंजिनघराच्या खिडकीतून पाठ दिसली. मी हाक मारली नाही. आमची तुकडी डोलीत चढली.

खरं म्हणजे मी खाली कधीच गेलो नव्हतो. घरच्यांना परवानगी नसे. घंटी झाली आणि पायाखालची जमीन सुटली. अंधार, ओला वारा, कोणीतरी माझं मनगट धरलं. त्या अंधारात मला एकच गोष्ट कळत होती: आम्ही सगळे एका दोरावर आहोत आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला आहे. डोली इतकी अलगद टेकली की शेजारचे गृहस्थ म्हणाले, पोहोचलो का? त्या क्षणी त्या माणसाने मागे वळून पाहावं असं मला अजिबात वाटलं नाही.

वर आल्यावर मी इंजिनघरात गेलो. तोवर दुसरी तुकडी उतरली होती. बाबा समोरच्या, डोली कुठवर गेली ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघतच म्हणाले, "कवा आला?" मी खोलीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, तिकिटं काढलीत म्हणालो.

"आता नाई जमत, बाबू. खाली माणसं आहेत."

मी म्हणालो, रोजच असणार. त्यांच्या हाताखाली एक नवा माणूस ठेवला होता. तो तेव्हा दाराबाहेर मोबाइलवर बोलत होता. बाबांनी हनुवटीने तिकडे दाखवलं. "मशीन त्याले येते. पण फोन वाजला का उठते. तो बसाले शिकला का मी येतो."

मग पाठमोरेच म्हणाले, "तू गेला त्या दिवशी सत्तर माणूस खाली होता."

 मी स्टुलावर बसून राहिलो, ती तुकडी वर येईपर्यंत. ती आली तेव्हा बाबा उठले, माझ्याकडे वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चहाला चला म्हणाले.

त्यांचं तिकीट मी परत केलं.

घोटावड्यातली ती बिनपायरीची खोली अजून त्यांचीच आहे. रविवारी फोन करतो. बसायला शिकला का तो, विचारतो. "शिकून राहिला," म्हणतात. डोळे दाखवायला मात्र दिवाळीत येणार आहेत, खाण चार दिवस बंद असते.

माझी मुलगी आता पिरंगुटच्या शाळेत जाते, संध्याकाळी एसटीने येते. परवा तिला उशीर झाला. तात्यांच्या नव्या बोअरला पाणी लागलं होतं आणि ते मला बघायला बोलवायला आले. मी ओसरीवर बाबांच्या खुर्चीत होतो. म्हणालो, पोरगी आली की येतो.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "आता तुमी बी व्हय?" म्हणाले. आणि पाणी बघायचं सोडून पायरीवर माझ्याजवळ बसले.