हललेला फोटो

आकांक्षा हल्ली दिवेलागणीला घरी येते, जेवते आणि मोबाईल बघत झोपून जाते. पोरीनं वेळेवर घरी यावं म्हणून सरिता चार वर्षं तिच्या मागं लागली होती. आता ती येते, तर सरिताच्या जिवाला वेगळाच घोर लागला आहे. भीमजयंती तोंडावर आली. गावोगावच्या समित्यांचे फोन येतात आणि आकांक्षा सगळ्यांना एकच सांगते, "कॅमेरा बिघडलाय, दादा." कॅमेरा धडधाकट आहे. सरिताच्या जुन्या शालीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय. पांघरूण काढताना सरिताचा हात त्याला लागतो आणि ती चटकन मागं घेते, घरात कुणी आजारी माणूस झोपलेलं असावं तशी.

वडील गेल्यापासून हिंगोलीतल्या त्या दोन खोल्यांत या दोघीच. सरिता शाळेत शिकवते. आकांक्षा बी.कॉम. झाली आणि तहसीलजवळच्या एका ऑनलाईन सेंटरवर बसू लागली. धंदा सोडलेल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून तिनं जुना कॅमेरा घेतला, तेव्हा सरिताला वाटलं, बारशी-वाढदिवस करील, हौस भागेल. पण हिला ओढ रात्रीच्या मंचाची. भीमगीतांचे कार्यक्रम, कलापथकं, गॅदरिंगमधली नाटकं.

पहिल्या कार्यक्रमाला, कुरुंद्याला, सरिता सोबत गेली होती. मंचावर चांगुणाबाई गात होत्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं वाळक्या, दिवसभर हळद शिजवायच्या कढईपाशी राबून आलेल्या. माईक धरलेले तळवे पिवळेधमक. आकांक्षानं फ्लॅश मारला आणि चांगुणाबाई कडव्याच्या मध्येच थांबल्या. पेटीवाला बिचारा तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवत राहिला.

"कोन हाय गं ती इज पाडनारी?" त्या माईकवरूनच म्हणाल्या. "माजं कडवं उडून गेलं की."

सगळा मांडव हसला. कार्यक्रम संपल्यावर सरितानं लेकीला पुढं घालून मंचामागं नेलं.

"डोळ्याचं आपरेशन झालंय, माय," चांगुणाबाई आकांक्षाला म्हणाल्या. "लखकन झालं की समदं पांढरं दिसतं. बिन उजेडाचं निघत न्हाई व्हय तुज्या डब्यात?"

"निघतं, मावशी. पण वेळ लागतो."

"मंग लागू दे. मला कुटं जायचंय."

तेव्हापासून आकांक्षानं मंचावर फ्लॅश मारला नाही, कुणाच्याच. ती कोपरं बरगड्यांना दाबून, मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभी राहायची. अंधारात कॅमेऱ्याची पापणी जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात गाणारा हलला किंवा आपण हललो, की फोटो पुसला. म्हणून ती माणसाच्या थांबण्याची वाट बघायची. कोण कुठल्या शब्दावर थबकतो, कोण टाळ्यांच्या आधी मान खाली घालतो, हे तिला पाठ झालं होतं.

लोकांना मात्र ते पटायचं नाही. औंढ्याकडच्या एका गावात सत्काराच्या वेळी सरपंच हार हातात धरून तसेच उभे. समोर पाहुण्यांची मान वाकलेली.

"मारा की, ताई."

"काढला, काका."

"कवा? उजेड कुटं पडला?"

शेवटी तिनं मोबाईलची बॅटरी एकदा चमकवली, तेव्हा कुठं हार पाहुण्यांच्या गळ्यात पडला. घरी येऊन ही गोष्ट सांगताना आकांक्षाला हसू आवरत नव्हतं. सरिता मात्र, एवढ्या रात्री कुणाच्या गाडीवरून आलीस, हेच विचारत राहिली.

चांगुणाबाईंचा कार्यक्रम तिनं एकही चुकवला नाही. पण एक गोष्ट पुढं ध्यानात आली. बाई गाताना सारख्या डुलायच्या. थांबायच्या त्या फक्त वरचा सूर लांबवताना, आणि तेव्हा त्यांचे डोळे गच्च मिटलेले असायचे. आकांक्षाचे सगळे चांगले फोटो त्याच क्षणाचे.

"सगळ्यांत झोपलीच हाय की मी," चांगुणाबाई मोबाईलवर फोटो बघून म्हणाल्या. "लोक म्हनतील, बाई गाती का घोरती."

"मग उद्या सकाळी उन्हात काढू एक?"

"दिवसा नगं. दिवसा मी हळदीवरची बाई. काढायचा तं हितला काढ."

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्यांचा मुलगा धम्मानंद आठ दिवसांनी हिंगोलीला आला. घरात आईचा आधार कार्डावरचा तेवढा एक फोटो होता, आणि मोबाईलवरच्या फोटोंत बाई ज्वारीच्या दाण्याएवढ्या. आकांक्षानं आपला सगळ्यात आवडता फोटो मोठा करून ठेवला होता. काळाभोर मंच, एका बाजूनं पिवळा उजेड, मान किंचित वर, माईकवर हळदीचे तळवे. धम्मानंद बराच वेळ बघत राहिला.

"लई भारी हाय, ताई," तो म्हणाला. "आवाज ऐकू येऊन राहिला. पन भिताडावर कसा लावू? डोळे मिटलेला फोटो म्हंजे मेल्यावरचा वाटतो. लेकरं भेतील. एकबी उघड्या डोळ्याचा न्हाई का?"

"नाही," आकांक्षा म्हणाली.

तो फोटो घेऊन गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दोघी कुरुंद्याला गेल्या, तेव्हा भिंतीवर तो लावलेला होता. तोच मंच, तीच मान, तेच तळवे. फक्त डोळे उघडे. एका स्टुडिओवाल्यानं आधार कार्डावरचे डोळे काढून तिथं बसवले होते. सरकारी खुर्चीवर बसून यंत्राकडं बघणाऱ्या बाईचे घाबरलेले डोळे, आणि खाली गाण्यानं उघडलेलं तोंड. पाहुणे पुष्प वाहत होते, कुणाला काही खटकत नव्हतं. आकांक्षानं हात जोडले, खीर घेतली आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा शालीत गेला.

सरिताला तेव्हा वाटलं होतं, वाईट वाटलंय, चार दिवसांत विसरेल. या गोष्टीला आता सहा महिने झाले.

काल रविवारी दुपारी धम्मानंदचा फोन सरितालाच आला. "म्याडम, जयभीम. औंदा जयंतीला मंचावर आईचं मोठं ब्यानर लावून राहिलो आमी. भिताडावरचाच फोटो दिलाय. मंगळवारी छापायला जातंय. ताईला म्हनावं, याच. कॅमेरा नसला तरी या."

सरितानं निरोप सांगितला. आकांक्षा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली, उठली, लॅपटॉप आणून आईच्या मांडीवर ठेवला आणि एक फोटो उघडला.

फोटो हललेला होता. मंचावरचे दिवे रेघांसारखे ओढले गेले होते, साडीचा काठ विरघळल्यासारखा. पण बाई समोर बघत होत्या. डोळे उघडे, गालात हसू, हात जोडलेले, आणि त्या हातांचा पिवळा रंग सगळ्या फोटोभर किंचित सांडलेला. त्या कुणाकडं तरी ओळखीनं बघत होत्या.

"जवळा बाजार गावातला," आकांक्षा म्हणाली. "शेवटचा कार्यक्रम. मंचावर चढताना मला म्हणाल्या, आज तुज्याकडं डोळे उघडून बघती, तेवढ्यात काढ, मंग म्हनू नको. गाणं संपलं आणि खरंच थांबल्या. माझ्यासाठी."

"मग हलला कसा?"

आकांक्षानं आपल्या कुर्त्याच्या खिशावर, बरगडीच्या खाली, बोट ठेवलं. फोन ती तिथंच ठेवते, आवाज बंद करून, नुसत्या थरथरीवर.

सरिताला ती संध्याकाळ आठवली. तिनं तीनदा फोन केला होता. जेवलीस का, निघालीस का, शेवटची बस सापडेल का. तिसरा तर पोरगी उचलत नाही म्हणून हट्टानं केला होता.

"लगेच दुसरा काढायचा होतास."

"लोक मंचावर चढले ना, पाया पडायला. मावशींना मी सांगितलं, छान आलाय. म्हटलं, पुढच्या जयंतीला पुन्हा काढू."

"मला का नाही बोललीस?"

"बोलून काय, आई? तू फोन करायची थांबली असतीस?"

सरिता थांबली नसती, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं लॅपटॉप जरा लांब धरला. लांबून बाई जास्त स्पष्ट दिसत होत्या.

"धम्मानंदला हा दाखवायचा का गं?"

"हललेला फोटो कोण घेतं. मी नाही सांगणार त्यांना. एकदा नाही म्हणून बसलेय."

"बघून तर ठरवू दे त्याला. त्याची आई आहे."

"मग तूच सांग," आकांक्षा घड्या उचलत म्हणाली. "फोन करायचं तुला काय शिकवायचंय."

टोमणा होता, पण त्यात नकार नव्हता. आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. सरितानं कान दिला. फक्त कपडे ठेवल्याचा आवाज. दार पुन्हा लागलं.

आज दिवसभर शाळेत ती शब्द जुळवत होती. फोटोचं आधी सांगावं तर धम्मानंद म्हणेल, मग ताई नाही कसं म्हणाली. म्हणजे फोनचं आधी सांगायला हवं. तुमची आई आकांक्षासाठी डोळे उघडून उभी होती आणि मधे माझा फोन आला, हे एका लेकाला सांगायचं. तो काय म्हणेल, कुणास ठाऊक. म्हणेल, म्याडम, आता काय उपयोग. म्हणेल, ब्यानरवर पुसट दिसंल. म्हणू दे. जयंतीला ते घाबरलेले डोळे मंचाएवढे मोठे होऊन सगळ्या गावाकडं बघणार आहेत, आणि आकांक्षाला ते मांडवाच्या खांबाशी उभं राहून बघावं लागेल. नाहीतर ती जाणारच नाही, हे त्याहून वाईट.

छापायला उद्या जातंय. धम्मानंद आता हळदीवरून घरी आला असेल, हात धुऊन जेवायला बसायच्या बेतात असेल. सरितानं चष्मा लावला आणि त्याचा नंबर काढला. एकदाच लावायचा, आणि त्यानं नाही उचलला तर तो स्वतः करेपर्यंत थांबायचं, असं तिनं ठरवलं.