गोळीचा खून आणि काकांची वही

“मॅडम, द व्हिक्टिम वॉज फाउंड ॲट सिक्स इन द मॉर्निंग,” मी ठणकावून सांगितलं, आणि मीटिंग रूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

समोर परदेशी ऑडिटर बाई. व्हिक्टिम म्हणजे काय, तर एक गोळी. आमची देवासची औषधांची कंपनी. पांढऱ्या गोळीवर काळा ठिपका दिसला होता. अशी गडबड झाली की आम्हा क्वालिटीवाल्यांना चौकशी करून तिचं मूळ शोधावं लागतं. त्याला डेव्हिएशन रिपोर्ट म्हणतात. रिपोर्ट माझा, म्हणून उत्तरंही माझीच.

मॅनेजर चौहान सर आधीच बजावून बसले होते, “देखो, अंग्रेजी में अटकीं तो इन्दौर से किसी को बुला लेंगे.” म्हणजे माझी खुर्ची गेली. पॅकिंगपासून घासत घासत मिळवलेली खुर्ची! मला रडूच कोसळलं होतं.

म्हणून मी धारला माहेरी काकांकडे धाव घेतली. काका इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. “सारखी सारखी डिक्शनरी उघडायची नाही. शब्द तीनदा आला तरच वहीत घ्यायचा. तीनदा येतो तोच रोजच्या कामाचा.”

कादंबरी खुनाची होती. त्यात तीनदा कुठले शब्द येणार, हे काकांनाही सुचलं नाही आणि मलाही. बसमध्ये, कँटीनमध्ये मी वाचतच सुटले. वही भरली तेव्हा तर कोण आनंद!

तर ती वही आता तोंडातून बाहेर पडत होती. चौहान सर टेबलाखालून पाय मारत कुजबुजले, “ये क्या बोल रई हो?” पण माझी गाडी सुटली होती.

प्राइम सस्पेक्ट शेजारचं जुनं मशीन, त्याचं तेल उडतं म्हणून. पण त्याच्याकडे ॲलिबाय होता. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण तिथे नव्हतो याचा पुरावा. त्या वेळी ते सर्व्हिसिंगला बंद होतं. लॉगबुकात वेळ होती, सही होती. मी पान उघडून दाखवलं.

“देन हू इज द मर्डरर?” बाईंनी पेन खाली ठेवलं.

“द ओल्ड गॅस्केट, मॅडम!” गॅस्केट म्हणजे आमच्याच मशीनच्या झाकणाची रबरी रिंग. ती झिजली होती.

“डिड इट कन्फेस?”

“यस मॅडम! अंडर द मायक्रोस्कोप. सेम ब्लॅक रबर.”

बाई पुढे झुकल्या. “एनी अदर बॉडीज?”

सगळं ऑडिट या एका प्रश्नावर अवलंबून होतं: आणखी माल खराब आहे का? “नो मॅडम. वुई सर्च्ड द होल हाउस.” आधीच्या आणि नंतरच्या बॅचेसच्या तपासणीचे कागद मी पुढे सरकवले.

बाईंनी एकेक कागद वाचला. मग चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी स्पष्ट चौकशी फार दिवसांत ऐकली नाही, म्हणाल्या. केस क्लोज्ड! मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पुढच्या ऑडिटला प्रेमकथा देऊ का गं?” नको म्हटलं. खुनाची कादंबरी मात्र चौहान सरांनी मागून नेली. अजून परत आलेली नाही.

इंग्रजी कुठल्याही पुस्तकातून शिका. फक्त आधी लॉगबुक नीट भरलेलं असू द्या. ॲलिबाय म्हणता येऊन उपयोग नाही, तो असावा लागतो.