तळाशी राहिलेलं औषध

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे थेंबताई म्हणतात. सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते आहे. बुरशीवरचं औषध मिळालेला पेशंट तिच्या तावडीतून सहज सुटत नाही. "बाटली हलवली नाहीत तर औषध तळाशी आणि नुसतं पाणी डोळ्यात! कळलं? मग सांगा बघू परत." भलेभले साहेब निमूटपणे परत सांगतात. केसपेपरच्या खिडकीतून मी हे रोज ऐकते आणि हसते.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिचा धाकटा भाऊ सुतार. लाकडाची कपची डोळ्यात उडाली आणि या शहाण्याने चार दिवस दुखणं अंगावर काढलं. डॉक्टरांनी बुरशी सांगितली, तासातासाला थेंब दिले. थेंबताईने त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि रागाच्या भरात बाटली त्याच्या हातात कोंबली. हलवायचं सांगायचं तेवढं राहिलं.

आठवड्याने डोळा आणखी बिघडला. तिने त्याच्या घरी संपत आलेली बाटली उजेडात धरली. तळाशी औषधाचा पांढरा साका जसाच्या तसा! तिने ती गुपचूप कचऱ्यात टाकली.

"औषध लागू पडत नाहीये. बुबुळातच इंजेक्शन द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. तिने तोंड उघडलं असतं, तर कदाचित त्यांनी आधी तेच औषध नीट घालून पाहिलं असतं. पण सव्वीस वर्षांची अब्रू आडवी आली. ती मूग गिळून गप्प राहिली. सुई डोळ्याकडे आली तेव्हा भावाचं डोकं तिनेच धरलं होतं.

डोळा वाचला. बुबुळावर पांढरं फूल पडलं, पण माणसं ओळखू येतात. भाऊ भेटेल त्याला सांगायचा, "ताई होती म्हणून डोळा राहिला." ती म्हणायची, "पुरे रे, गप्प बस!" मला वाटायचं, लाजते आहे.

परवा डबा खाताना तिने मला हे सगळं सांगितलं.

"त्याला सांगून टाक, ताई," मी म्हटलं.

"सांगितलं रविवारी."

"मग? चिडला?"

"नाही गं. 'म्हणजे ती सुई टळली असती?' एवढंच विचारलं. मी म्हटलं, कदाचित." तिने डब्याचं झाकण लावलं. आतली पोळी तशीच होती. "मीच त्याला गप्प बस म्हणायचे ना? आता बसलाय गप्प."