निराधारच्या टेबलावरचे कारकून

सार्वजनिक सेवेतल्या सेवाभावी नेतृत्वावर मी पीएच.डी. करत होते, तेव्हा वर्षभर दर मंगळवारी मानोऱ्याच्या तहसील कचेरीत जायची. तिथल्या निराधार योजनेच्या टेबलावरचे कारकून मला अजून आठवतात. पेन कानावर, चष्मा कपाळावर आणि बोलणं कायम वैतागलेलं. एका मंगळवारी त्यांची प्रश्नावली भरून घ्यायला माझ्या वेळापत्रकात दहा मिनिटं होती.

त्या दिवशी तांड्यावरची एक म्हातारी जिवंत असल्याची नोंद करायला आली. ऊसतोडीत बोटं झिजलेली, त्यामुळे यंत्र अंगठा घेईना.

"आता माहा निराधारचा पगार बंद होते काय, बाबू?" तिचा आवाज रडवेला झाला.

"बंद होते म्हने! मी मेलो काय?" ते खेकसले आणि माझ्याकडे वळले. "म्याडम, रिकाम्याच बसून राह्यल्या ना? च्यावाल्याकडून कोमट पानी आना."

मी आणलं. त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, अंगठा भिजवला, पुसला, दाबला. जेवणाची सुट्टी त्यातच सरली. शेवटी हिरवा दिवा लागला.

"जाय आता, डोकं नको खाऊ," म्हणत ते तिला जिन्यापर्यंत सोडून आले.

मग मी प्रश्नावली पुढे केली. 'लोकांची कामे आनंदाने करता का?' तिथल्या सगळ्या साहेबांनी 'नेहमी'वर खूण केली होती. यांनी 'कधीच नाही'वर केली.

"असं काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"खोटं कायले लिवू? डोकंच फिरते माहं."

आता ते निवृत्त झालेत. माझ्या प्रबंधात सेवाभावाचे सर्वांत कमी गुण त्यांना आहेत. मी तीनदा मोजले. नियमाने एकही वाढवता आला नाही.